सैन्याचा तळ आणि सैनिकाचे कुटुंब

सैनिक सीमेवर जातो तेव्हा गावात त्याचा सत्कार होतो, हार घातले जातात, स्थानकापर्यंत मिरवणूक निघते. ही प्रथा योग्यच आहे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या पत्नीला मुलाचे नाव कोणत्या शाळेत घालावे, सासूच्या औषधासाठी कोणत्या दवाखान्याची पायरी चढावी, हे प्रश्न एकटीने सोडवावयाचे असतात. त्यांची उत्तरे सैनिकाच्या शौर्यावर अवलंबून नसतात. त्याच्या पलटणीचा तळ कोठे आहे, त्या तळावर कुटुंबासाठी जागा आहे काय आणि नसल्यास कुटुंब कोणत्या गावी राहते, यावर ती अवलंबून असतात.

सैन्याचे तळ कोठे असावेत हा देशाच्या संरक्षणाचा विषय आहे. त्या निर्णयाचा परिणाम मात्र प्राथमिक शाळेच्या हजेरीपटापर्यंत आणि आरोग्य केंद्राच्या केसपेपरापर्यंत पोहोचतो. तो कसा पोहोचतो हे ग्रामस्थ, शिक्षक आणि स्थानिक अधिकारी यांनी समजून घेतले, तर पुष्कळशा अडचणी गावपातळीवरच दूर होऊ शकतील. या लेखाचा हेतू एवढाच आहे.

निर्णय एकाचा, सेवा दुसऱ्याची

भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत केंद्र आणि राज्ये यांच्या अधिकारांची वाटणी केलेली आहे. संरक्षण आणि छावण्या हे विषय केंद्राच्या सूचीत आहेत. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे विषय राज्यांकडे आहेत. शिक्षण हा विषय १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनंतर समवर्ती सूचीत आला. म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदे करता येतात.

पलटण कोठे ठेवावी, कोणती जागा कुटुंब नेण्यास योग्य आणि कोणती अयोग्य, हे संरक्षण मंत्रालय आणि सैन्याची मुख्यालये ठरवितात. तेथे शत्रूची हालचाल, सरावाचे माळरान, लोहमार्ग, पाणी आणि दळणवळण यांचा विचार प्रथम होतो आणि तो तसाच व्हावयास हवा. परंतु त्या निर्णयामुळे जी कुटुंबे एका गावातून उठून दुसऱ्या गावी जातात, त्यांना शाळा, दवाखाना, रस्ता, पाणी आणि दाखले पुरविण्याचे काम बव्हंशी नगरपालिका, जिल्हा परिषद, महसूल खाते यांच्याकडे येते. निर्णय घेणाऱ्याला शाळेतील बाकांची संख्या ठाऊक नसते आणि बाक पुरविणाऱ्याला पलटण केव्हा हलणार हे ठाऊक नसते. या दोहोंमधील अंतरात सैनिकाचे कुटुंब सापडते.

महाराष्ट्रातील तळ कसे वसले

इंग्रजी अमदानीत छावण्या वसविताना रेल्वे, हवापाणी आणि संस्थानांवर नजर ठेवण्याची सोय या गोष्टी पाहिल्या जात. पुणे, खडकी, देहू रोड, देवळाली, अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) आणि कामठी या महाराष्ट्रातील सात छावण्या आहेत. सीमाभागातील बेळगाव येथेही मोठी छावणी असून १९२२ सालापासून मराठा पलटणींचे प्रशिक्षण केंद्र तेथे आहे. सातारा, कोल्हापूर, कोकण येथील कित्येक पिढ्यांचे लष्करी आयुष्य बेळगावच्या कवायतीच्या मैदानावर सुरू झाले.

स्वातंत्र्यानंतर देशाच्या संरक्षणाचे चित्र पालटले. १९४७ नंतर पश्चिम सीमेवर आणि १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर उत्तर व पूर्व सीमेवर मोठ्या प्रमाणात फौज ठेवणे भाग पडले. महाराष्ट्रात मुख्यत्वे प्रशिक्षणाची केंद्रे राहिली. देवळाली व नाशिक रोड येथे तोफखाना, अहिल्यानगर येथे रणगाडा दल, खडकी येथे बॉम्बे सॅपर्स, खडकवासला येथे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, पुण्यात सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय ही त्यांपैकी ठळक नावे होत. परिणाम असा की महाराष्ट्रातील तरुण शिक्षण घेतो जवळ, परंतु त्याच्या सेवेची बरीच वर्षे जातात जम्मू-काश्मीर, राजस्थान, सिक्कीम, अरुणाचल अशा दूरच्या प्रदेशांत.

सैनिकी भाषेत नेमणुकीचे दोन ढोबळ प्रकार आहेत. ‘पीस’ म्हणजे शांततेचे ठाणे. तेथे निवासस्थान उपलब्ध असल्यास कुटुंब नेता येते. ‘फील्ड’ म्हणजे सीमेवरील वा मोहिमेवरील जागा. तेथे कुटुंब नेता येत नाही. पीस ठाण्यावरही प्रत्येक जवानाला लगेच क्वार्टर मिळतेच असे नाही. निवासस्थानांची ही टंचाई ओळखूनच केंद्र सरकारने २००२ साली तिन्ही सेनादलांसाठी टप्प्याटप्प्याने सुमारे दोन लाख विवाहित निवासस्थाने बांधण्याची योजना हाती घेतली. सैनिक फील्डमध्ये असताना कुटुंबाला राहता यावे म्हणून काही निवडक ठाण्यांवर स्वतंत्र निवासस्थानेही राखलेली असतात. तरीही पुष्कळ कुटुंबे अशा वेळी गावी, सासरी किंवा माहेरी येऊन राहतात.

देवळालीचा दाखला

तळामुळे गावाच्या सार्वजनिक सेवा कशा बदलतात याचे चांगले उदाहरण म्हणजे नाशिकजवळचे देवळाली. मुंबईहून नाशिककडे येणाऱ्या लोहमार्गावरील हे ठिकाण एके काळी मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचे मुक्कामाचे स्थान होते. तोफखान्याचे प्रशिक्षण विद्यालय पूर्वी आता पाकिस्तानात असलेल्या काकूल येथे होते. १९४० च्या दशकात ते देवळालीस आले. तोफांच्या सरावासाठी मोकळे माळरान, कोरडी हवा आणि रेल्वे यांची येथे सोय होती.

एका विद्यालयाच्या आगमनाने पुढे कितीतरी गोष्टी आल्या. शिकविणारे अधिकारी आणि जवान आपल्या कुटुंबांसह राहू लागले. त्यांच्यासाठी लष्करी रुग्णालय आणि केंद्रीय विद्यालये चालू झाली. छावणी परिषदेच्या शाळा आणि सार्वजनिक रुग्णालय यांचा लाभ नागरी वस्तीलाही होऊ लागला. शेजारच्या भगूरसारख्या गावातील दूधवाले, भाजीवाले, शिंपी, किराणा दुकानदार यांना कायमचे गिऱ्हाईक मिळाले.

अर्थात याची दुसरी बाजूही आहे. सरावाच्या मैदानासाठी मोठे क्षेत्र लागते. गोळीबाराच्या दिवशी तेथे जाता येत नाही आणि लष्करी क्षेत्राजवळच्या बांधकामावर निर्बंध येतात. तळाचे फायदे आणि तोटे एकाच परिसराच्या वाट्याला येतात. मात्र सैनिकी कुटुंबाच्या दृष्टीने पाहिले, तर देवळालीसारख्या ठिकाणी लष्करी रुग्णालय, केंद्रीय विद्यालय, कॅन्टीन आणि शेजारी राहणारी इतर सैनिकी कुटुंबे ही सर्व व्यवस्था एका हाकेच्या अंतरावर असते.

या व्यवस्थेत केंद्रीय विद्यालयांना विशेष स्थान आहे. दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांचे शिक्षण तुटू नये म्हणून दुसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने केलेल्या शिफारशीवरून नोव्हेंबर १९६२ मध्ये ही योजना मंजूर झाली. १९६३-६४ या शैक्षणिक वर्षात सैन्याची मोठी वस्ती असलेल्या ठिकाणच्या वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन तिचा प्रारंभ झाला. आज देशात बाराशेहून अधिक केंद्रीय विद्यालये आहेत. ज्या योजनेचे मूळ पलटणींच्या शाळांत आहे, तिचा फायदा साहजिकच छावणीजवळ राहणाऱ्या कुटुंबाला सर्वाधिक मिळतो.

तिजोरीचा प्रश्न

तळामुळे गावावर जो भार पडतो, त्याचा खर्च कोणी करावयाचा, हा प्रश्न जगभर विचारला जातो. आपल्याकडे संविधानाच्या २८५ व्या अनुच्छेदानुसार केंद्र सरकारच्या मालमत्तेवर राज्याला वा स्थानिक संस्थेला कर बसविता येत नाही. एखाद्या शहरात शेकडो एकर जमीन लष्कराकडे असली, तरी तिच्यावर घरपट्टी मिळत नाही. पाणी, सफाई, रस्ते यांसारख्या सेवांबद्दल केंद्राने ‘सेवा आकार’ द्यावा, अशी व्यवस्था आहे. तो वेळेवर आणि पुरेसा मिळतो की नाही, यावर स्थानिक संस्थेचे बरेच गणित अवलंबून असते.

छावणी परिषद ही स्वतंत्र स्थानिक संस्था आहे. २००६ च्या छावणी अधिनियमानुसार सार्वजनिक रुग्णालये, प्रसूतिगृहे, प्राथमिक शाळा, पाणी आणि दिवाबत्ती ही तिची कर्तव्ये आहेत. ठाण्याचा लष्करी प्रमुख तिचा पदसिद्ध अध्यक्ष असतो. पुणे छावणीचे सरदार वल्लभभाई पटेल रुग्णालय आणि खडकी छावणीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय यांचा आधार आजूबाजूच्या सामान्य नागरिकांनाही असतो. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर जुने स्थानिक कर संपुष्टात आले आणि पुण्यासारख्या छावणी परिषदांच्या उत्पन्नावर मोठा ताण पडला. परिषदेच्या तिजोरीत खळगा पडला की त्याची झळ प्रथम तिच्या शाळांना आणि दवाखान्यांना लागते, हे ओळखणे कठीण नाही.

अलीकडे छावण्यांचा नागरी भाग शेजारच्या नगरपालिकेत समाविष्ट करावा, असे केंद्राचे धोरण आहे. हिमाचल प्रदेशातील योल या छावणीच्या बाबतीत २०२३ साली तशी अधिसूचना निघाली आणि महाराष्ट्रातील छावण्यांबाबतही ही चर्चा सुरू झाली. असा बदल होताना छावणीची शाळा कोणाकडे जाणार, रुग्णालयाचे कर्मचारी कोणाचे होणार आणि तेथे उपचार घेणाऱ्या कुटुंबांचे काय होणार, हे प्रश्न आधीच सोडविलेले बरे.

परदेशांतील अनुभवही पाहण्याजोगा आहे. अमेरिकेत लष्करी जमिनीवर स्थानिक कर मिळत नाही. म्हणून तेथील केंद्र शासन १९५० सालापासून तळालगतच्या शाळा-मंडळांना भरपाईदाखल अनुदान देते. बदलीमुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या सैनिकी मुलांचा प्रवेश, विषय आणि गुणपत्रके यांत खंड पडू नये म्हणून तेथील राज्यांनी २००८ पासून आपसांत करार केला असून आज सर्व पन्नास राज्ये त्यात सहभागी आहेत. ब्रिटनने जर्मनीतील आपली फौज मायदेशी आणताना सुमारे चार हजार सैनिक, त्यांच्या कुटुंबांसह, सॅलिसबरीच्या पठारावर वसविण्याचे ठरविले, तेव्हा घरे आणि शाळा यांचे नियोजन पलटणी येण्यापूर्वीच स्थानिक परिषदेबरोबर बसून करण्यात आले. तेथे २०२१ च्या कायद्याने तर आरोग्य, शिक्षण आणि गृहनिर्माण या सेवा पुरविणाऱ्या स्थानिक संस्थांवर सैनिकी कुटुंबांच्या अडचणी विचारात घेण्याचे बंधन घातले आहे.

आपल्याकडेही तळ हलल्याने गावाचे रूप पालटल्याची उदाहरणे आहेत. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला. नौदलाचे हवाई ठाणे ‘हंसा’ त्यापूर्वी कोइमतूरजवळ सुलूर येथे होते. १९६४ साली ते दाबोळीस आले. वास्को परिसरातील नौदलाची वसाहत, रुग्णालय आणि शाळा हा त्या निर्णयाचाच विस्तार होय.

जेथे तळच नाही : डिंडोली

आतापर्यंत तळाजवळच्या गावांचा विचार झाला. परंतु खरी कसोटी लागते ती तळापासून दूर असलेल्या वस्तीत. त्यासाठी सुरत शहरातील डिंडोलीचे उदाहरण घेऊ.

उधना-जळगाव लोहमार्ग तापीच्या खोऱ्यातून नंदुरबार, अमळनेर, धरणगाव असा खानदेशात जातो. याच मार्गाने गेल्या काही दशकांत धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतील हजारो कुटुंबे कापडाच्या व्यवसायात रोजगारासाठी सुरतेस आली. डिंडोली, लिंबायत, उधना, गोडादरा या भागांत आजही अहिराणी कानांवर पडते. शेती गावाकडे, मजुरी सुरतेत, आणि घरातील एखादा मुलगा सैन्यात, अशी कुटुंबे या वस्तीत असणे स्वाभाविक आहे.

आता सुरतेत सैन्याची छावणी नाही. गुजरात राज्यात छावणी परिषद एकच, ती अहमदाबादेस. लष्करी रुग्णालयासाठी वडोदरा वा अहमदाबाद गाठावे लागते. सुरत परिसरात केंद्रीय विद्यालय आहे. परंतु ते ओएनजीसीसारख्या औद्योगिक प्रकल्पाशी निगडित आहे, पलटणीशी नव्हे. म्हणजे देवळालीत जी व्यवस्था हाकेच्या अंतरावर मिळते, ती डिंडोलीत जवळपास नाही. देशाच्या संरक्षणाच्या दृष्टीने सुरतेत छावणी असण्याची गरज नसेल. परंतु पलटणीचा तळ नसला, म्हणून सैनिकाचे कुटुंबही नाही असे होत नाही.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांसमोर आणू. मूळ गाव नंदुरबार जिल्ह्यात. सासू-सासरे आणि दीर डिंडोलीत. सैनिक पीस ठाण्यावर असताना पत्नी आणि दोन मुले त्याच्याजवळ होती व मुले केंद्रीय विद्यालयात जात होती. ऐन डिसेंबरात पलटण फील्डमध्ये गेली आणि कुटुंब डिंडोलीस आले. सैनिकाच्या दृष्टीने ही नेहमीची बदली. कुटुंबाच्या दृष्टीने मात्र शाळा, माध्यम, दवाखाना आणि राज्य अशा चार गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्या.

शाळेचे वर्ष वाया जाऊ नये

सुरत महानगरपालिकेच्या शाळा हा या वस्त्यांचा मोठा आधार आहे. गुजरातीबरोबरच मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी या माध्यमांतून तेथे शिक्षण मिळते. परंतु जे मूल आतापर्यंत हिंदी-इंग्रजीतून शिकले, त्याला मराठी माध्यमात घालावे की इंग्रजी, हा निर्णय सोपा नाही. गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवीपर्यंत गुजराती भाषा शिकणे अनिवार्य झाले आहे. महाराष्ट्रात २०२० च्या कायद्याने मराठी अनिवार्य आहे. दोन्ही कायदे आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र चौथीत डिंडोलीला आलेल्या आणि सहावीत नाशिकला जाणाऱ्या मुलाला दोन वर्षांत दोन नव्या भाषांची तयारी करावी लागते. शिवाय केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात जाणे सुलभ असले, तरी मध्यंतरी दुसऱ्या शाळेत गेलेल्या मुलासाठी पुन्हा प्रवेशाची नव्याने खटपट करावी लागते.

येथे शिक्षकवर्गाला बरेच काही करता येण्याजोगे आहे. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्क अधिनियमातील पाचव्या कलमानुसार राज्यांतर्गत वा राज्याबाहेरून बदलून आलेल्या बालकाला शासकीय, स्थानिक संस्थेच्या अथवा अनुदानित शाळेत प्रवेश मागण्याचा हक्क आहे. शाळा सोडल्याचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावयाचा असतो. तो दाखला येण्यास उशीर झाला, या कारणास्तव नव्या शाळेने प्रवेश लांबविणे वा नाकारणे कायद्यास धरून नाही. चौथ्या कलमानुसार बालकाला त्याच्या वयास अनुरूप अशा वर्गात बसवावे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष शिक्षण द्यावे, अशीही तरतूद आहे. डिसेंबरात आलेले मूल जूनपर्यंत घरी बसते, त्याला कायदा कारणीभूत नसतो. कायद्याची माहिती नसणे कारणीभूत असते.

महाराष्ट्र शासनाचा सैनिक कल्याण विभाग जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिकांच्या मुला-मुलींसाठी वसतिगृहे चालवितो. मुलगा वा मुलगी आठवी-नववीत असेल आणि वडिलांच्या बदल्या चालूच असतील, तर मूळ जिल्ह्याच्या वसतिगृहात राहून एकाच शाळेत शालान्त परीक्षेपर्यंत शिकणे हा विचार करण्याजोगा मार्ग आहे.

आरोग्याची सोय

सेवेत असलेल्या सैनिकाच्या पत्नीला, मुलांना आणि अवलंबित आई-वडिलांना लष्करी रुग्णालयात उपचारांचा हक्क आहे. परंतु रुग्णालय जेथे शेकडो मैल दूर, तेथे हा हक्क कागदावर राहण्याचा धोका असतो. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर तो धोका मोठा. बदलीच्या ठिकाणी तपासण्या झाल्या, लसी टोचल्या गेल्या आणि प्रसूतीसाठी ती डिंडोलीस वा गावी आली, तर माता-बाल संरक्षण कार्ड हाच तिचा आधार असतो. हे कार्ड सोबत असल्यास नव्या ठिकाणच्या आरोग्यसेविकेला मागील नोंदी तत्काळ समजतात. फील्डमधील सैनिकाच्या घरी गरोदर स्त्री वा तान्हे मूल असल्यास आशा कार्यकर्तीने त्याची स्वतंत्र नोंद ठेवावी, अशी सूचना येथे करावीशी वाटते.

माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना चालू आहे. देशभरात तिची चारशेहून अधिक पॉलिक्लिनिके आहेत. या योजनेतील एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात घ्यावी. एखाद्या ठिकाणच्या पॉलिक्लिनिकचा वर्ग, आणि त्यानुसार तेथील डॉक्टर व कर्मचारी, हे त्या परिसरातील माजी सैनिकांच्या संख्येवरून ठरतात. जो माजी सैनिक दहा वर्षे डिंडोलीत राहतो, परंतु ज्याची नोंद अजून धुळ्याच्या पत्त्यावर आहे, तो धुळ्याच्या गणनेत धरला जातो आणि औषधाची गरज मात्र त्याला सुरतेत लागते. आपले मूळ पॉलिक्लिनिक बदलून घेण्याची सोय योजनेत आहे. ती वापरल्यास स्वतःचीही सोय होते आणि त्या ठिकाणची खरी गरजही शासनापुढे येते.

राज्य बदलले की काही सवलतीही बदलतात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली माजी सैनिक आणि सैनिक विधवा यांच्या निवासी मालमत्तेस करातून सूट देण्याची योजना जाहीर केली. ती महाराष्ट्रातील घरासाठी आहे. सुरतेतील घरास लागू होत नाही. म्हणून स्थलांतरित कुटुंबाने दोन्ही राज्यांतील सैनिक कल्याण कार्यालयांत जाऊन कोणती सवलत कोठे मिळते, हे एकदा नीट विचारून घेणे हिताचे आहे.

जमीन, न्यायालय आणि मतदान

सैनिक दूर असताना गावच्या जमिनीचा वाद उपस्थित होणे ही जुनी तक्रार आहे. बांध सरकतो, सातबाऱ्यावर नोंद होते, नोटीस येते आणि उत्तर देण्यास घरी कोणी नसते. यासाठी १९२५ सालचा भारतीय सैनिक (वादविषयक) अधिनियम उपयोगी पडतो. सैनिक विशेष परिस्थितीत सेवा बजावीत असल्यामुळे न्यायालयात हजर राहू शकत नसेल, तर त्याच्याविरुद्धचे काम तहकूब करण्याची तरतूद त्यात आहे. सैनिकाची मालमत्ता आपल्या जिल्ह्यात आहे आणि तो हजर राहू शकत नाही, असे जिल्हाधिकाऱ्यांस वाटल्यास तेही न्यायालयास तसे प्रमाणित करू शकतात. जिल्हाधिकारी हे जिल्हा सैनिक मंडळाचे अध्यक्षही असतात. तेव्हा कुटुंबाने निःसंकोचपणे त्यांच्याकडे अर्ज करावा. जुलै २०२५ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या वीर परिवार सहायता योजनेद्वारे सैनिक मंडळांच्या कार्यालयांतून विधी सल्ल्याची सोय करण्याचे कामही हाती घेण्यात आले आहे.

मतदानाबाबतही तळाचा संबंध येतो. सैनिक आपल्या मूळ गावचा सेवा मतदार म्हणून नोंदला जातो आणि २०१६ च्या नियमबदलानंतर त्याला मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठविण्याची सोय झाली आहे. त्याच्याबरोबर तळावर राहणारी पत्नीही सेवा मतदार होऊ शकते. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पत्नी’ या शब्दाऐवजी ‘जोडीदार’ असा अर्थ धरला गेल्यामुळे महिला सैनिकाच्या पतीलाही हा अधिकार मिळाला. परंतु पत्नी डिंडोलीत राहात असेल, तर ती सामान्य मतदार होय. तिने डिंडोलीच्या यादीतच नाव नोंदविले पाहिजे.

प्रथम मोजणी, मग सोय

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. तळाजवळ राहणारे सैनिकी कुटुंब सहज दिसते. त्याच्यासाठी शाळा आणि रुग्णालय उभे राहते, कारण त्याची संख्या ठाऊक असते. तळापासून दूर राहणारे कुटुंब कोणाच्याच यादीत नसते. सैन्याच्या दप्तरी ते मूळ गावच्या पत्त्यावर असते, मूळ गावात घराला कुलूप असते आणि जेथे ते राहते त्या वॉर्डात सैनिकाचे कुटुंब म्हणून त्याची नोंद नसते. जे मोजले जात नाही, त्यासाठी तरतूद होत नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. ग्रामपंचायतीने आपल्या गावातील सेवारत सैनिक, माजी सैनिक आणि वीरपत्नी यांची साधी यादी ठेवावी. त्यांत कुटुंब सध्या कोठे राहते हा रकाना अवश्य असावा. ही यादी वर्षातून एकदा, सात डिसेंबरच्या ध्वजदिनाच्या सुमारास, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे पाठविता येईल. कुटुंब परराज्यात असल्यास तसे त्या जिल्ह्याच्या कार्यालयास कळविता येईल. मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या वेळी पालक सेनादलात आहेत काय, एवढे विचारून घ्यावे. आरोग्यसेविकेने घरभेटीत तेवढीच चौकशी करावी.

कुटुंबांनीही आपल्या बाजूने सिद्धता ठेवावी. सैनिकाच्या युनिटकडून मिळालेले अवलंबितांचे कार्ड, बदलीच्या आदेशाची प्रत, मुलांचे दाखले व गुणपत्रके, लसीकरणाचे कार्ड, शिधापत्रिका आणि बँकेचे पुस्तक ही कागदपत्रे एका पिशवीत हाताशी असावीत. सैनिकाने फील्डमध्ये जाण्यापूर्वी पत्नीच्या नावे बँकेत संयुक्त खाते आणि आवश्यक ते अधिकारपत्र करून ठेवावे. घर बदलल्यावर जवळच्या सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करण्यास एका दिवसाचा वेळ पुरतो. तेवढा वेळ न दिल्यास पुढे अनेक दिवस खर्ची पडतात.

पलटण कोठे ठेवावी, हे गाव ठरवीत नाही आणि ठरवू शकणारही नाही. परंतु पलटणीतील जवानाची मुलगी आपल्या शाळेत सोमवारी सकाळी आली, तर तिला त्याच दिवशी वर्गात बसवावयाचे की दाखल्यासाठी परत पाठवावयाचे, हे त्या शाळेचे मुख्याध्यापकच ठरवितात. तिचे वडील ज्या चौकीवर उभे आहेत तेथे आपण पोहोचू शकत नाही. तिच्यासाठी बाक रिकामा करणे मात्र आपल्या हाती आहे.